चौथा खांदा

"जमने, रडू नको. कोन कोन दार लावतंय, तेवढं बघून ठेव."

आईचा आवाज वीस वर्षांनीही जमुनेच्या कानात तसाच होता. बाप अंगणात मरून पडला होता. घर वाळीत टाकलेलं, म्हणून खांदा द्यायला गावातलं एक माणूस आलं नाही. मायलेकींनी त्याला बाजेवर घातलं आणि ओढत नेलं. पंधरा वर्षांच्या जमुनेनं जाता जाता एकेक दार बघून ठेवलं. सगळ्यांत पहिलं लागलं होतं ते बळवंत पाटलाचं.

तोच बळवंत पाटील आज बेटेगावच्या शाळेच्या आवारात तिच्यापुढे जर्मनची थाळी घेऊन उभा होता. कुरणावरून शेजारच्या गावाशी लाठ्या चालल्या, मग आगी लागल्या, आणि जमुनेच्या माहेरचं छपन्न घरांचं गाव नेसत्या कपड्यांनिशी इथं आलं. तारापूरच्या बिजलीघराच्या बांधकामावरून ताडपत्र्या आल्या, मामलेदारानं तांदूळ धाडला. शाळेचे पंढरी मास्तर छावणीतल्या माणसांची वही सांभाळीत. चूल बेटेगावात दिलेल्या जमुनेकडे होती.

अकरा दिवस तिनं बळवंतला वाढलं. इतरांइतकंच. पंगत उठल्याशिवाय आपण घास घ्यायचा नाही, हा तिचा नेम होता, आणि अन्नाच्या पळीनं सूड उगवायचा नाही, एवढं तिला कळत होतं. पण रोज सकाळी तुळशीला पाणी घालताना ती एकच मागणं मागे: ह्याच्या मड्यालाही कुणी खांदा देऊ नये. ते मोठ्यानं म्हणायची मात्र तिला लाज वाटे.

बाराव्या दिवशी गोमा गेला. धुरानं त्याची छाती भरली होती. भांडणात त्यानं काठी उचलली नाही, कारण त्याची लेक त्याच शेजारच्या गावात दिलेली. म्हणून बळवंतनं आगीच्या आदल्या दिवशी त्याला वाळीत टाकलं होतं. छावणीतही गोमा आणि त्याची बायको ठमी आंब्याखाली वेगळी बसत.

त्या सकाळी जमुनेनं चूल पेटवली नाही.

"पोरं भुकेली हायत," बळवंत म्हणाला.

"आवारात मडं हाय, पाटील. मडं उचलल्याबिगर चूल पेटत नाय. रीत तुमचीच."

"तो आमच्यातला नाय."

"मास्तरांच्या वहीत तो तुमच्याच पानावर हाय."

दुपार झाली. पोरं रडून रडून गप्प झाली. बाया बळवंतकडे बघू लागल्या. त्याला काही करता येत नव्हतं. वाळीत टाकलेल्याला आत घ्यायचं तर गावदेवीपुढे बकरा पडायला हवा, आणि गावदेवी तर जळक्या गावात राहिलेली. गावातला जो वाळीतल्याच्या तिरडीला शिवेल तोही वाळीत. हेसुद्धा त्यानंच ठरवलेलं.

"तीन खांदे हायत," जमुना म्हणाली. "ठमीचा भाऊ सुका, पंढरी मास्तर आनि मी. चौथा तुमचा."

"मी येतो," मागून एक तरणा गडी उठला.

"तू बस. चौथा ह्यांचाच."

बळवंत तिच्याकडे बघत राहिला. ती कुणाची लेक, हे त्याच्या ध्यानात आलं असावं. त्याचा आवाज खाली आला.

"माजाच लेक मला शिवनार नाय, पोरी. उद्या मी मेलो तर मला कोन उचलील?"

"मी उचलीन," जमुना म्हणाली.

थोबाडीत मारावी तशी ती म्हणाली होती. आवारात सगळ्यांनी ऐकलं. एक म्हातारी तर फिसकन हसली.

बळवंतनं पटका काढला, खांद्यावर घडी घातली आणि तिरडीखाली गेला. संध्याकाळी चूल पेटली. रांगेत त्याच्या पुढचा माणूस दोन पावलं पुढे सरकला, मागचा दोन पावलं मागे. त्याच्या लेकानं त्याची घोंगडी आंब्याखाली नेऊन टाकली. त्या दिवशी जमुना जेवली ती पोटभर. वीस वर्षांत भात इतका गोड लागला नव्हता.

दुसऱ्या दिवसापासून बळवंत शेवटी यायचा. थाळी पुढे करून हळूच विचारायचा, "जमने, ध्यानात हाय ना?"

"हाय," ती म्हणायची. पहिल्या दिवशी ठसक्यात म्हणाली. दुसऱ्या दिवशीही. पुढे तो काय विचारणार ते ठाऊक असायचं, म्हणून ती मान वर न करता वाढायची. मग एकदा त्यानं विचारायच्या आधीच तिच्या तोंडून निघून गेलं, "ध्यानात हाय. जेवा तुमी."

गोमाला पोचवल्यापासून चौदाव्या दिवशी शेवटची थाळी आली नाही. दुसऱ्या दिवशी भात शिजत असताना पंढरी मास्तर चुलीशी आले.

"म्हातारा गेला, जमुनाबाई. ठमीनं तोंडात पाणी घातलं. लेक लांब पाठ करून बसलाय."

जमुनेनं जळती लाकडं चुलीतून बाहेर ओढली. रांगेत कुजबुज झाली.

"तुम्ही तेव्हा रागात बोलला होतात," मास्तर हलक्या आवाजात म्हणाले. "तो शब्द कोणी धरून बसणार नाही."

"तो बसला होता ना," जमुना म्हणाली. "एवढ्या गावात त्यानं माज्या एकटीच्या शब्दावर भरवसा ठेवला."

तिनं हात पुसले, पदर कमरेला खोचला आणि आंब्याकडे चालू लागली.