मागचा दिवा

कुंभारीहून सोलापूरला युनिफॉर्म शिवायच्या कारखान्यात जाणाऱ्या राजेश्वरीनं सायकलला मोटर बसवली होती. आता दिवा हवा म्हणून ती शिवानंदच्या दुकानात आली. सगळ्यात मोठा पांढरा दिवा तिनं उचलला आणि कॅरिअरवर ठेवला.

"ह्यो हितं बसवा. तोंड मागं करून."

"अक्का, मागं लाल दिवा असतोय. पांढरा मागच्याच्या डोळ्यावर येतोय."

"लाल बी असू द्या की. ह्यो खाली वाकवा, रस्त्यावर उजेड पडंल असा."

"आन् पुढं?"

"पुढं बारका चालतोय. वाट माझ्या पायाखालची हाय."

शिवानंदनं मोटरची बॅटरी बघून मान हलवली. "एवढा दिवा हिच्यावर लावला तर कुंभारीच्या अलीकडंच बॅटरी उतरंल. मोटर असून पेडल मारत जाणार व्हय?"

"मारीन, बॅटरी दिव्यालाच राहू द्या. त्यांच्या सायकलींना तरी कुटं मोटर हाय."

"कुणाच्या?"

"आमच्या गल्लीतल्या तिघी पोरी. माझ्यासंगंच कामाला."

शिवानंद स्क्रू आवळू लागला. "मग तुमच्या मागनं येत्यात म्हणा की रोज."

"आता न्हाय येत. वाटंवर अंधार असतोय म्हणून घरच्यांनी त्यांचं काम बंद केलंय."

तिनं बटण दाबलं. दुकानाच्या फरशीवर उजेड पडला, तिघींच्या सायकली मावतील एवढा.

"आवळा नीट," ती म्हणाली. "आज ह्यो लावून तिघींच्या दारात उभी राहणार हाय."