क्रिस्पुलोचा लाल ठिपका

"महागडं आधी उचलू नकोस, ताताय," हासिंता वडिलांच्या कानाशी कुजबुजली. "ते एकदा हातात बसलं की बाकीची नजरेत भरायची नाहीत."

"मग आधी तेच दे," क्रिस्पुलो म्हणाला. "फुकटची चैन कशाला सोडू?"

काउंटरमागे पेर्ला खुदकन हसली. तिने तिन्ही पिस्तुलं काचेवर ओळीने मांडली. पहिलं परदेशी. दुसरं मनिलाकडच्या कारखान्यातलं. तिसरं इथलंच, दानाओच्या कारागिरांच्या हातचं, दिसायला ओबडधोबड आणि सर्वांत स्वस्त. तिन्हींच्या पाठीवर नखाएवढी काच होती. नेम धरला की त्या काचेत लाल ठिपका दिसतो. तो निशाण्यावर आला की चाप ओढायचा. दिसतो तोही फक्त नेम धरणाऱ्यालाच.

गावाच्या जत्रेतल्या नेमबाजीच्या सामन्यांत क्लबने यंदा नवा गट काढला होता. साध्या पिस्तुलावर ठिपक्याची काच चालेल असा. बाजारात ही बातमी कानावर पडली आणि हासिंताने मासळीची पिशवी तिथेच विसरून घर गाठलं.

कारण एके काळी क्रिस्पुलो मैदानात उतरला की लोक हातातला घास तसाच धरून बघत बसायचे. मग नळीच्या टोकावरची खूण त्याला विरघळल्यासारखी दिसू लागली. "डोळ्यांना बारीकसारीक गोष्टींचा कंटाळा आलाय," एवढंच तो म्हणाला. डॉक्टरकडे गेला नाही. कमरेचा पट्टा खिळ्याला टांगला आणि स्वतः खुर्चीला चिकटला. तेव्हापासून घरात रेडिओच काय तो बोलायचा. जिवंत माणूस असा झिजताना बघणं हासिंताला सोसत नव्हतं.

नव्या गटाचं ऐकून त्याने आधी रेडिओ बंद केला होता. मग म्हणाला, "ठिपका दिसला तर उतरतो. नाही दिसला, तर पट्टा कुणाला तरी देऊन टाक. पुन्हा विषय काढायचा नाही."

छपराची दुरुस्ती पुढे ढकलून तिने एका पिस्तुलापुरती सोय केली होती. तीही तिसऱ्यापुरतीच. पहिल्या दोन्हींसाठी उसनवारी करावी लागली असती. पण स्वस्तातल्या काचेतला ठिपका बापाच्या डोळ्याला मानवला नाही तर?

नेमबाजीची जागा दुकानामागेच होती. पेर्लाकडे दुसरं गिऱ्हाईक आलं, म्हणून तिने तिन्ही पिस्तुलं लुसिओच्या हवाली केली. लुसिओ तिथला पंच, शिस्तीचा भोक्ता. "पिवळ्या रेघेच्या मागे राहायचं, हासिंता. हत्याराला हात फक्त नोंग क्रिस्पुलोंचा."

समोर ताटलीएवढ्या पांढऱ्या लोखंडी चकत्या ओळीने उभ्या होत्या. क्रिस्पुलो आधी चालत तिथवर गेला, एकेकीवर तळवा ठेवला, आणि परत आला. मग जुन्या खेळाडूंच्या रीतीप्रमाणे डोळे मिटून, रिकामा हात पुढे धरून, त्याने सगळा खेळ मनातल्या मनात खेळून घेतला. हात या चकतीवरून त्या चकतीवर सरकत होता. लुसिओसुद्धा खोकला दाबून उभा राहिला.

परदेशी पिस्तूल कडाडलं. चकत्या एकामागून एक आडव्या झाल्या.

"ठिपका फार मोठा आहे," क्रिस्पुलोने नाक मुरडलं. "अख्खी चकती झाकून टाकतो मेला."

लुसिओने चकत्या उभ्या केल्या. दुसऱ्या पिस्तुलानेही त्या सगळ्या लोळल्या.

"याचा थरथरतो. ताप भरल्यासारखा."

"नोंग, एकही चुकली नाही, तरी तक्रारच?" लुसिओ म्हणाला.

"तुझं लग्न झालंय ना? मग तक्रार करायला चूक लागत नाही हे तुला ठाऊक हवं."

मग त्याने तिसरं उचललं.

पुढे जे झालं ते तिला नीट सांगता आलं नसतं. आवाज वेगवेगळे ऐकूच आले नाहीत. बापाचे खांदे हलले नाहीत, मान हलली नाही, फक्त मनगट एका बाजूकडून दुसरीकडे गेलं आणि समोर काही उभं उरलं नाही. खुर्चीतला म्हातारा कुठे गेला कोण जाणे. याच माणसाच्या ताटात आपण मासा काटे काढून वाढतो, यावर तिचा विश्वास बसेना.

लुसिओने छातीवर क्रूसाची खूण केली. "नोंग, इतकी वर्षं कुठे दडून बसला होतात?"

"हा ठिपका!" क्रिस्पुलो ओरडला. "पिकल्या मिरचीच्या टोकाएवढा, लालभडक. जागचा हलत नाही. इंदाय, पोरी, हेच घे. बाकीची दोन फुकट दिली तरी नकोत."

हासिंता तिथेच रडायला लागली. रेघेची पर्वा न करता तिने बापाला मिठी मारली आणि लुसिओने चक्क दुसरीकडे पाहिलं.

दुकानाबाहेर गर्दी जमली. लुसिओ हातवारे करून सांगत होता, क्रिस्पुलो मधोमध ताठ उभा होता. आत हासिंताने पैसे दिले. पेर्ला पिस्तूल बांधायला लागली तेव्हा हासिंताला राहवलं नाही.

"नांग पेर्ला, एकदा मला बघू दे ना तो ठिपका."

पेर्लाने पिस्तूल रिकामं असल्याची खात्री करून तिच्या हाती दिलं. हासिंताने ते भिंतीकडे रोखून एक डोळा मिटला. काचेतून भिंत दिसली, भिंतीवरची पाल दिसली. तिने दुसरा डोळा मिटून पाहिलं. मग बाजूचं बटण दाबलं. पुन्हा दाबलं.

"यात ठिपका दिसत नाहीये, नांग."

"दिसेल कसा, अगं?" पेर्ला हसत म्हणाली. "विकल्याशिवाय आम्ही ठिपका पेटवणारा सेल घालत नाही. तिन्हींतही नव्हता. मघाशी मागे तुम्ही नुसती मूठ आणि चापच बघायला नेली होतीत ना?"