कचेरीत किल्ट

निवृत्तीच्या दिवशी सकाळी हेडक्लार्क तगारेंची एकही पँट पायाच्या प्लॅस्टरवरून वर चढेना.

"लुंगी नेसून जा," बायको म्हणाली.

"तहसील कचेरीत? लुंगीवर?" तगारे कडाडले. छत्तीस वर्षांत त्यांनी शर्टाचं वरचं बटणसुद्धा कधी उघडं ठेवलं नव्हतं, कुणाला ठेवू दिलं नव्हतं.

तिने कपाटातून किल्ट काढला. लेकीच्या लग्नात स्कॉटलंडच्या व्याह्यांनी दिलेला, लाल-हिरव्या चौकड्यांचा, घागऱ्यासारखा. "तिकडे मोठ्या समारंभाला पुरुष हेच घालतात. आज तुमचाही समारंभच आहे की!"

कुबड्या टेकत तगारे कचेरीत शिरले आणि सगळे कीबोर्ड थांबले. कुणी हसलं तर आल्या पावली परत फिरायचं, असं त्यांनी ठरवलं होतं. तेवढ्यात उभ्या पंख्याच्या वाऱ्याने किल्ट फुगला. तो दाबायला गेले, तर हातातली कुबडी सुटली. आवक-जावकच्या ढमढेरेबाईंनी धावत येऊन त्यांना सावरलं.

"साहेब, काय झकास दिसताय!" त्या म्हणून गेल्या आणि त्यांनी घाबरून जीभ चावली.

पण आधी तगारेंनाच हसू फुटलं, तेही असं की थांबेना. मग सगळी कचेरी हसली. ज्यांच्या टेबलाजवळ कुणी फिरकत नसे, त्यांच्यासोबत सेल्फीसाठी रांग लागली. खुद्द तहसीलदार रांगेत उभे राहिले. तगारेंनी एका कुबडीवर गिरकीसुद्धा घेऊन दाखवली.

संध्याकाळी हार घालताना ढमढेरेबाईंनी विचारलं, "साहेब, इतकी वर्षं होतात कुठे हो तुम्ही?"

"पँटमध्ये," तगारे म्हणाले.