उजवा गाल

“अण्णा, दुखलं तर लगेच हात वर करा. उगाच शूरपणा नको,” वस्तऱ्यात नवं पातं घालत विष्णू न्हावी म्हणाला.

ही गेल्यावर माझी वाढलेली दाढी बघून लोक म्हणायचे, बायकोचं दुःख धरून बसलाय. दुःख होतंच, पण उजव्या गालाला वारा लागला तरी विजेचा झटका बसल्यासारखी कळ यायची. दोन दाढा उपटल्या, तरी कळ तशीच. शेवटी तपासणीत कळलं, मेंदूत पाणी साठलंय आणि त्यानं चेहऱ्याची नस दाबली जातेय. ऑपरेशन करून ते पाणी काढायला नळी बसवली.

मी खुर्ची घट्ट धरली. पातं कानापासून हनुवटीपर्यंत सरकलं. काही झालं नाही.

“आता उलटा हात मार,” मी म्हणालो.

“जोरात आलात की!”

उलट्या हातालाही कळ आली नाही. मला हिची आठवण आली आणि डोळे भरले. ही गेली तेव्हा रडताही आलं नव्हतं. आसवं गालावर ओघळली तरी कळ उठायची. आता ती खुशाल वाहू दिली.

“लागलं का, अण्णा?” विष्णू घाबरला.

“नाही रे बाबा. कुठ्ठंच लागलं नाही!”