समेवरचा बाक

छातीवर चिकटवलेली चकती श्वास ऐकायची आणि त्याच्याच बेतानं कानात संगीत रचत जायची. फुप्फुसांच्या आजाराची माणसं त्या तालावर दवाखान्याच्या व्हरांड्यात चालायची. दम संपत आला की संगीत थांबायचं आणि माणूस जवळच्या बाकावर बसायचा.

जनुअण्णा मात्र बसत नसत. जन्मभर तबला वाजवलेला माणूस अर्ध्या आवर्तनात कसा थांबणार? मनात ठेका धरून ते समेपर्यंत चालत राहत आणि मग भिंतीला धरून धापा टाकत.

"अण्णा, अशानं पडाल एक दिवस! मग चालणंच बंद करावं लागेल," व्यायाम घेणारी रेवती वैतागली. "थांबलं की थांबायचं."

"ते थांबत नाही गं, तुटतं."

"मग शिकवा त्याला!" म्हणत तिनं त्यांच्यापुढे तबला आणून ठेवला. चकती छातीवरच होती. दुपारभर अण्णा वाजवत राहिले आणि चकती ऐकत राहिली.

दुसऱ्या दिवशी चालताना श्वास आखडू लागला, तशी कानात तिहाई सुरू झाली, समेवर आणून सोडणारा तोच तुकडा तीनदा. एकदा, दोनदा, तिसऱ्यांदा, आणि सम आली ती नेमकी बाकापाशी. अण्णा आपसूक बसले. धाप लागली नव्हती.

"तिहाई बरी घेतलीस लेका," छातीवरच्या चकतीवर हात ठेवून ते म्हणाले. "पण घाई करतोस. उद्या परत रियाजाला बसू."