उंच स्टूल

इंग्लंडमधल्या हल शहरातल्या बिस्किट कारखान्यात ग्लेंडा सरकत्या पट्ट्यावरची तुटकी बिस्किटं वेचायची. संधिवाताने गुडघे धरले तेव्हा तिने एक उंच स्टूल मागितलं. कारखान्याने तिला घरीच बसवलं.

ती कामगार लवादाकडे गेली. तिथे तिच्या शेजारी उभं राहून तेच काम करणारी मॅक्सीन कारखान्याच्या बाजूने साक्षीला आली. "बसून हे काम होत नाही, साहेब. हात पोचत नाही." त्या एका वाक्यावर ग्लेंडा हरली.

"रागावू नकोस गं," मॅक्सीन बाहेर येऊन म्हणाली. "नोकरी मलाही टिकवायचीय." वर्षानुवर्षं दोघी एकाच थर्मासातला चहा प्यायल्या होत्या.

ग्लेंडाने अपील केलं आणि ती जिंकली. वरच्या न्यायाधीशांनी निकाल फिरवला, कारखान्यात स्टूल आलं. पण तोवर तिचा खुबाही झिजला होता. उभं राहणं सोडाच, तिला फार वेळ बसवतही नव्हतं.

नोकरी सोडताना सगळ्यांना केक खाऊ घालायची तिथली रीत. तिला काढलं तेव्हा ती राहून गेली होती, म्हणून केकचा खोका घेऊन ती कुबडी टेकत पट्ट्यापाशी गेली. स्टुलावर मॅक्सीन बसली होती, दोन्ही गुडघ्यांना पट्टे बांधून. ग्लेंडाला पाहताच तिचा चेहरा उतरला आणि ती घाईने उठू लागली.



"उठू नकोस गं," ग्लेंडा खोका उघडत म्हणाली. "पोचतोय ना हात?"