पुसून न जाणारं धुकं

शाळेच्या नव्या, दुहेरी काचांच्या खिडक्या रोज सकाळी धुरकट दिसायच्या. मुख्याध्यापिकांनी सफाईच्या मावशींना कामावरून काढायचं ठरवलं होतं, आणि खिडक्या बनवणाऱ्या कारखान्याच्या माणसासमोरच त्या मावशींना झापत होत्या.

"काचेत काही दोष नाही, मॅडम," तो प्रमाणपत्र पुढे करत म्हणाला. "थंडी अडवते, वीज वाचवते, सगळ्या चाचण्या पास. यांचाच हात फिरत नाही."

मावशींनी फडकं त्याच्या हातात कोंबलं. "मग तुमचा फिरवा की. बघू तरी."

त्याने चिडून काच आतून पुसली, बाहेर जाऊन पुसली, शेवटी शर्टाच्या बाहीने घासली. धुरकटपणा जागचा हलेना. वर्गातली पोरं फिदीफिदी हसायला लागली, तसा तो भडकला.

"अहो, कडेचं सील सुटून दोन काचांच्या मधे ओल शिरलीय! ती फडक्याने कशी जाईल?"

"महिनाभर मी दुसरं काय सांगतेय?" मावशी कडाडल्या. "तेव्हा तुम्ही दोघांनी मला अडाणी ठरवलंत. आता हेच कागदावर लिहा, आणि खाली सही ठोका."